लहान स्तूपांनी जपलेले मोठे स्तूप

मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भरहुत नावाचे खेडे आहे. सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी तेथे एक भव्य स्तूप उभा होता. त्याच्या भोवतालच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची, भिक्खू-भिक्खुणींची आणि नगरांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत एक छोटासा लेख आहे : 'करहकट निगमस दान'. निगम म्हणजे व्यापारउदीम करणारे नगर, आणि करहकट म्हणजे आपले कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कराड, असे विद्वानांनी ओळखले आहे. ज्या काळी रेल्वे नव्हती, मोटार नव्हती, त्या काळी आपल्या सातारा जिल्ह्यातील एका गावाने हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या स्तूपासाठी दान धाडले होते!

आता प्रश्न असा की, कराडकरांनी ज्यासाठी पैसा दिला तो स्तूप कोठे आहे? तो नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी १८७३ साली तेथे पोचले, तेव्हा आसपासच्या लोकांनी स्तूपाच्या विटा आपल्या घरांसाठी केव्हाच काढून नेल्या होत्या. पाया होता, त्यावरून स्तूपाचा व्यास सुमारे ६८ फूट होता हे मोजता आले. दिवे ठेवण्यासाठी कोनाडे असलेला भिंतीचा थोडासा तुकडा शिल्लक होता. कठड्याचे आणि तोरणाचे जे दगड हाती लागले ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेण्यात आले आणि आजही तेथे पाहायला मिळतात. पण मधला घुमट मात्र गेला तो गेलाच.

तरीही तो स्तूप कसा दिसत होता हे आज आपल्याला बऱ्यापैकी सांगता येते. कारण त्याच कठड्यावर शिल्पकारांनी स्तूपाची चित्रे कोरून ठेवली आहेत. घुमट, त्यावरची चौकोनी हर्मिका, त्यावरचे छत्र, घुमटावर सोडलेल्या फुलांच्या माळा आणि हात जोडून उभे असलेले स्त्री-पुरुष, सारे काही त्यांत आहे. मोठा स्तूप गेला, पण त्याने आपले रूप आपल्याच अंगावरच्या लहान स्तूपात ठेवून दिले होते.

धम्माने प्रतिकृती का केल्या?

आपल्या परंपरेत स्तूपाची लहान प्रत करणे हे पूजेचेच अंग होते. ज्याला मोठा स्तूप बांधणे परवडत नसे तो हातभर उंचीचा दगडी किंवा मातीचा स्तूप करून अर्पण करी. बुद्धगयेच्या आवारात असे लहान स्तूप विपुल आहेत. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात १४ स्तूपांचा एक समूह आहे. ते थेरांच्या स्मृतीसाठी एकाच कातळातून कोरलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्याच्या मागील भिंतीवर स्तूप आणि त्याला वंदन करणाऱ्या आकृती कोरल्या आहेत.

केवळ स्तूपच नव्हे, घरे आणि विहारसुद्धा असेच जपले गेले. भरहुतच्या एका शिल्पात अनाथपिंडिक जेतवनाच्या जमिनीवर नाणी पसरून ती विकत घेत आहे आणि तेथे 'गंधकुटी' व 'कोसंबकुटी' अशी नावे कोरलेल्या दोन कुट्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मजल्यावर मजले असलेल्या लाकडी प्रासादांचे दर्शन कोरलेले आहे. लाकडी नगरे जळाली, कुजली. त्यांची दगडातली प्रत तेवढी उरली.

म्हणून असे म्हणावेसे वाटते की, आपल्या पूर्वजांनी नकाशे कागदावर ठेवले नसतील, पण ते दगडावर ठेवले. ते वाचण्याचे काम आपले आहे.

बुद्धगयेचा धडा

प्रतिकृतीवरून मूळ वास्तू उभी करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द बुद्धगयेचेच आहे. एकोणिसाव्या शतकात महाबोधी महाविहाराची अवस्था फार वाईट झाली होती. १८७७ च्या सुमारास ब्रह्मदेशाच्या राजाने आपली माणसे पाठवून दुरुस्तीस प्रारंभ केला. पुढे १८८० पासून कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जे. डी. बेग्लर यांनी ते काम हाती घेतले. परंतु पडलेला भाग पूर्वी कसा होता हे सांगणार कोण? तेव्हा अवशेषांत सापडलेली विहाराची एक लहान दगडी प्रतिकृती त्यांच्या कामी आली. आज महाविहाराच्या मुख्य शिखराभोवती चार कोपऱ्यांवर जी चार छोटी शिखरे आपण पाहतो, त्यांच्या उभारणीला त्या नमुन्याचा आधार होता. अशा प्रतिकृती यात्रेकरूंनी तिबेट, नेपाळ, ब्रह्मदेशापर्यंत नेल्या होत्या. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहे.

या कामातून दोन धडे मिळतात. पहिला धडा असा की, हातात मावणारी वस्तू संपूर्ण विहाराला पुन्हा रूप देऊ शकते. दुसरा धडा सावधगिरीचा आहे. प्रतिकृती ज्या काळात घडली त्या काळाचे रूप ती सांगते. बेग्लर यांच्या हाती आलेला नमुना मध्ययुगातला होता. सम्राट अशोकाच्या परंपरेतील बोधिवृक्षाभोवतालची वास्तू त्याहून अगदी निराळी, खांबांवर उभी असलेली आणि वर वृक्षासाठी मोकळी अशी होती, आणि तिचे चित्र भरहुतच्या कठड्यावर आहे. बेग्लर यांना विटा-चुन्यात एकच रूप निवडावे लागले आणि त्या दुरुस्तीवर पुढे टीकाही झाली. संगणकावर मात्र दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवता येतात. मूळ वास्तूच्या एका विटेलाही हात लावावा लागत नाही.

बुद्धगयेच्या महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती यावे, १९४९ चा कायदा बदलावा, यासाठी २०२५ साली भिक्खूंनी आणि देशभरातील उपासकांनी आंदोलन केले. महाविहार कोणाचा, हे सांगताना तो पूर्वी कसा होता हेही पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे. म्हणून हा विषय केवळ अभ्यासकांच्या टेबलावरचा नाही, तो आपल्या चळवळीचाही आहे.

कृष्णेच्या काठाकाठाने

वाई, कराड, सांगली या गावांवरून वाहणारी आपली कृष्णामाई पुढे आंध्र प्रदेशात जाते. तिच्याच काठी अमरावतीचा महास्तूप होता. त्याच्या घुमटाचा व्यास ५० मीटरच्या आसपास होता, म्हणजे भरहुतच्या दुपटीहून अधिक! अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदाराने नवे गाव वसवताना स्तूपाचे दगड काढायला लावले. काही दगड बांधकामात गेले, काही चुनखडी म्हणून भाजले गेले. कर्नल कॉलिन मॅकेन्झी १७९७ साली तेथे गेले आणि पुढे १८१६ नंतर त्यांनी शिल्पांची रेखाटने करवून घेतली. उरलेली शिल्पे आज प्रामुख्याने चेन्नई आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत. मूळ जागी फक्त तळाचा भाग आहे.

पण याही स्तूपाचे रूप त्याच्याच शिलापट्टांनी सांगितले. त्या पट्टांवर सबंध स्तूप कोरलेला आहे. दारांशी बसलेले सिंह, चारही दिशांना पाच-पाच उंच आयक-खांब, शिल्पांनी झाकलेला घुमट असे सगळे एका पाटाएवढ्या दगडात दिसते. आज अमरावतीच्या स्तूपाची जी जी चित्रे आणि संगणकीय रूपे तयार होतात, त्यांचा मुख्य आधार हे पट्टच आहेत.

कृष्णेला मिळणाऱ्या भीमेच्या काठी, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात असाच एक महास्तूप उत्खननात सापडला. 'रायो असोको' असे नाव कोरलेली सम्राट अशोकाची प्रतिमा तेथेच मिळाली. तेथील पट्टांवरही स्तूप कोरलेले आहेत. सांगली-मिरजेहून विजापूरमार्गे ही जागा फार दूर नाही. सहल काढणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात ठेवावे.

कृष्णेच्याच खोऱ्यातील नागार्जुनकोंडा तर धरणाच्या पाण्याखाली गेले. पाणी चढण्यापूर्वी १९५४ ते १९६० या काळात उत्खनन झाले, काही वास्तू उचलून उंचावर मांडण्यात आल्या आणि काहींच्या प्रतिकृती करण्यात आल्या. कोयनेच्या आणि वारणेच्या धरणग्रस्तांना हे दुःख निराळे समजावून सांगायला नको. गाव बुडते तेव्हा त्याचे मोजमाप आणि चित्र एवढेच मागे राहते.

संगणक काय करतो?

संगणक जादू करत नाही. तो त्रैराशिक मांडतो, फक्त ते लाखो वेळा आणि क्षणात मांडतो. एखाद्या लहान स्तूपाचे चहूबाजूंनी, एकमेकांवर थोडे थोडे चढतील असे शे-दोनशे फोटो घेतले, तर संगणक प्रत्येक फोटोत तोच तोच बिंदू ओळखतो. जमिनीची मोजणी करणारा जसा दोन ठिकाणांहून एकच खूण पाहून तिचे अंतर काढतो, तसेच हे. अशा लाखो बिंदूंतून स्तूपाचा आकार पडद्यावर उभा राहतो आणि तो हवा तसा फिरवून पाहता येतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतलेला असला म्हणजे त्याची मापेही मिळतात.

पुढचे काम प्रमाणाचे. समजा, लहान स्तूपाची रुंदी ३ फूट आणि हर्मिकेची रुंदी १ फूट आहे; तर ६० फुटी स्तूपाची हर्मिका साधारण २० फुटांची असेल असा अंदाज बांधता येतो. पण हा झाला अंदाज. शिल्पकार काही इंजिनिअर नव्हता. छत्र भक्तीने मोठे कोरले असेल, माणसे जागा नाही म्हणून लहान केली असतील. म्हणून तो अंदाज पायाच्या मापाशी, पडलेल्या दगडांशी आणि त्या काळच्या दुसऱ्या स्तूपांशी ताडून पाहावा लागतो.

जगात ही कामे कशी झाली ते पाहा. अफगाणिस्तानात बामियानच्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबान्यांनी सुरुंग लावून उडवल्या. प्रत्येक बौद्धाच्या काळजाला ती जखम झाली. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील प्रा. आर्मिन ग्रुएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीचे संगणकीय रूप तयार केले. इंटरनेटवर मिळालेले फोटो, पर्यटकांनी काढलेले फोटो आणि १९७० साली ऑस्ट्रियाच्या प्रा. कोस्टका यांनी मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेले तीन फोटो, असे तीन प्रकार त्यांनी वापरून पाहिले. खरे बारकावे मिळाले ते त्या तीन फोटोंतून! एका माणसाने तीस वर्षांपूर्वी नीट मोजून घेतलेले तीन फोटो ढीगभर हौशी फोटोंना भारी ठरले.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशात पुमापुंकू नावाची वास्तू अशीच मोडून विखुरली आहे. २०१८ साली अलेक्सेई व्रानिच या संशोधकाने जुन्या अभ्यासकांच्या मापांवरून तिच्या १४० दगडांच्या लहान प्रती यंत्रावर छापून घेतल्या. प्रत्येक प्रत मूळ दगडाच्या शेकडा चार एवढी. मग मुले ठोकळे जुळवतात तशा त्या हाताने जुळवून पाहिल्या आणि कोणता दगड कोठे बसत असावा याचा माग लागला.

आपल्या जिल्ह्यात काय आहे?

कराडच्या नैऋत्येस आगाशिवच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, साठच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. 'गोपाळाचा पुत्र संघमित्र याने दिलेले लेणे' अशा अर्थाचा लेख तेथे आहे. यांतील चैत्यगृहांत कातळातून कोरलेले स्तूप आहेत. साताऱ्याच्या उत्तर टोकाला शिरवळजवळच्या लेण्यांतही स्तूप आहे. हे साधे आहेत, अजिंठा-वेरूळसारखी त्यांची कीर्ती नाही. पण साधेपणामुळेच स्तूपाची मूळ अंगे त्यांत स्वच्छ वाचता येतात : खाली गोल मेधी, तिच्यावर अंड म्हणजे घुमट, त्यावर हर्मिका आणि त्यावर छत्र.

वाईजवळ लोहारे येथेही लेणी आहेत. तेथील स्तूपाचा वरचा भाग फोडून टाकलेला आहे आणि उरलेल्या भागाला महादेवाची पिंड मानून पूजा केली जाते, असे फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरील ग्रंथात नोंदलेले आहे. पालपेश्वर या नावाने ते ठिकाण ओळखले जाते.

आता या तिन्ही जागांचा एकत्र विचार करा. लोहाऱ्याच्या स्तूपाचा तळ आहे, माथा नाही. कराड आणि शिरवळ येथे त्याच भागातले, त्याच घडणीचे स्तूप आहेत. लोहाऱ्याच्या तळाचे माप आणि कराडच्या स्तूपांचे प्रमाण घेतले, तर लोहाऱ्याच्या स्तूपाला त्याचा माथा संगणकावर परत देता येईल. त्यासाठी कोणाशी भांडण नको, कोणाच्या आजच्या पूजेत अडथळा नको, छिन्नी-हातोडाही नको. गावातल्या माणसालाच पडद्यावर दाखवता येईल की, बाबा रे, तू ज्याला हात जोडतोस ते पूर्वी असे होते. वादविवादाने जे होत नाही ते कधी कधी एका चित्राने होते.

हे काम निकडीचे आहे. आपल्या सह्याद्रीचा कातळ पावसाने झिजतो, पापुद्रे सुटतात. सहलीला येणारे नावे कोरतात, चुली पेटवतात. आज जी रेघ दिसते ती आपल्या नातवंडांना दिसेलच असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीकरांच्या कितीतरी घरांतले दाखले, लग्नाचे आणि धम्मदीक्षेचे जुने फोटो चिखलात गेले. ज्यांच्या नातेवाइकांकडे दुसरी प्रत होती त्यांचेच परत मिळाले. दगडालाही हाच न्याय लागू आहे. एकाच ठिकाणी असलेली गोष्ट कधी ना कधी जाते, प्रत असली तर ती राहते.

पावती असेल तरच खर्च

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हिशेबात पावतीशिवाय खर्च दाखवता येत नाही. इतिहासातही तसेच आहे. मोबाईलवर सध्या अशी कितीतरी चित्रे फिरतात की त्यांत कोणतेही जुने देऊळ 'हा पाहा मूळ स्तूप' म्हणून रंगवलेले असते. आपले बांधव ते अभिमानाने पुढे पाठवतात. हेतू चांगला असतो, पण त्यातले एक चित्र खोटे ठरले की विरोधक आपले शंभर खरे पुरावे त्याच टोपलीत टाकतात.

कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मान्य करू नका, असा उपदेश केला आहे. तो उपदेश आपल्या बाजूच्या गोष्टींनाही लागू आहे. जगातील अभ्यासकांनीही अशा कामासाठी २००६ साली 'लंडन सनद' म्हणून नियम आखले. पुरावा कोणता आणि तर्क कोणता हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, हे त्यांचे सार. आपण सोपी रीत करू. जे जागेवर प्रत्यक्ष आहे ते एका रंगात, जे दुसऱ्या स्तूपावरून घेतले ते दुसऱ्या रंगात आणि जो निव्वळ अंदाज आहे तो तिसऱ्या रंगात दाखवावा. चित्र थोडे कमी सुंदर दिसेल, पण भर सभेत ठामपणे मांडता येईल.

आपण काय करावे?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी बुद्धविहार आहेत, तरुण मंडळे आहेत, इंजिनिअरिंग शिकणारी मुले-मुली आहेत. प्रत्येक तालुक्यातून चार-पाच जणांचा गट जरी पुढे आला तरी हे काम होण्यासारखे आहे. त्यासाठी काही सूचना :

१) प्रथम पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी. अर्जाची पोच जपून ठेवावी.

२) पावसाळ्यात जाऊ नये. दिवाळीनंतर हवा कोरडी असताना जावे. कडक ऊन व गडद सावली टाळून सकाळी लवकर फोटो घ्यावेत.

३) स्तूपाभोवती पूर्ण फेरी मारून, एकदा खालून, एकदा मधून, एकदा वरून फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग आला पाहिजे. जवळ मोजपट्टी ठेवावी.

४) कातळाला खडू, रंग, तेल, कुंकू काही लावू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून पाणीही ओतू नये. प्राचीन स्मारकाची खराबी करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे.

५) तारीख, लेण्याचा क्रमांक, फोटो घेणाऱ्याचे नाव आणि मापे एका वहीत लिहावीत. सगळ्याच्या तीन प्रती करून तीन गावांत ठेवाव्यात. एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्यावी.

माता-भगिनींनी आणि बालधम्मवर्ग चालवणाऱ्यांनी आणखी एक करावे. वैशाख पौर्णिमेला मुलांकडून शाडूच्या मातीचा स्तूप करून घ्यावा. मेधी, अंड, हर्मिका, छत्र ही नावे मुलांनी हाताने घडवत शिकावीत. लहान स्तूप घडवण्याची जी परंपरा भाज्याच्या आणि बुद्धगयेच्या उपासकांची, तीच ही परंपरा आहे. विहार बांधायला निघालेल्या समित्यांनीही कंत्राटदाराने दाखवलेला तयार घुमट पसंत करण्यापूर्वी एकदा आगाशिवच्या डोंगरावर जाऊन यावे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप सांचीच्या स्तूपावरून प्रेरणा घेऊन उभा राहिला. आपल्या तालुक्याच्या विहाराने आपल्याच डोंगरातल्या स्तूपाचे रूप घेतले तर ते किती शोभून दिसेल!

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्याच सरकारी शाळेत प्रवेश घेतला. त्याच साताऱ्याच्या मातीतून बाबासाहेबांच्या जन्माआधी दोन हजार वर्षे भरहुतच्या स्तूपाला दान गेले होते. कराडच्या त्या निगमाने द्रव्य दिले. आपण फोटो, मापे आणि चार रविवार द्यावेत, एवढीच विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!